अंधार छापायचा कसा? ला तूरच्या ‘मग्दालीये’ची प्रत करून घेणाऱ्यांसाठी

बरोक काळातलं (साधारण सतराव्या शतकातलं युरोपीय) एखादं धार्मिक चित्र घरात लावायचं मनात आलं की आपण आधी ऑनलाइन शोधतो. तिथे ‘म्युझियम क्वालिटी’, ‘जिक्ले’ (म्हणजे इंकजेटने काढलेली कलाप्रत), ‘आर्काइव्हल’ असे शब्द लावलेल्या प्रतींचा ढीग पडलेला असतो. एकाच चित्राच्या पाच प्रती पाहाव्यात तर पाचांचे रंग पाच तऱ्हांचे. त्यातून विकत घेण्यापेक्षा फाइल स्वतः मिळवून चांगल्या छपाईवाल्याकडून प्रत काढून घेणं जास्त भरवशाचं आहे, आणि वाटतं तितकं अवघडही नाही.

हा लेख एकाच चित्राला धरून लिहितोय: जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराची ‘पश्चात्तापी मग्दालीया’. साल साधारण १६४०, कॅनव्हासवर तैलरंग, १३३.४ × १०२.२ सेंटिमीटर, मुक्काम न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, म्हणजे ‘मेट’. रात्रीची वेळ, एकच मेणबत्ती, नक्षीदार चौकटीच्या आरशात तिचं प्रतिबिंब. येशूची शिष्या मरीया मग्दालीया बसलेली आहे, मांडीवर कवटी, कवटीवर गुंफलेले हात, चेहरा आपल्यापासून जवळजवळ पूर्ण वळलेला. उतरवून टाकलेले दागिने आसपास पडलेत. बाकी सगळा अंधार.

हे चित्र मुद्दाम निवडलं, कारण ते छापायला त्रासदायक आहे. बरोकच्या रात्रचित्रांत अंधार ही रिकामी जागा नसते. चित्रकाराने तीही रंगवलेली असते. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: काळं काळं राहिलं का, आणि त्या काळ्यात जे आहे ते दिसतंय का? हे जमलं तर कॅराव्हाज्जो, रेम्ब्रांट, झुर्बारान यांची चित्रं त्याच वाटेने करून घेता येतील.

हाताशी काय हवं

- संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली मूळ फाइल, आणि तिच्या हक्काबद्दलच्या ओळीचा स्क्रीनशॉट
- लॅपटॉप किंवा मॉनिटर (हे काम फोनवर करू नका)
- रंगाचे प्रोफाइल समजणारं सॉफ्टवेअर. फुकट हवं असेल तर गिम्प चालतं
- ज्या कागदावर छापायचं त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी छोटी फाइल), छपाईवाल्याकडून मागून घेतलेलं
- मोजपट्टी आणि भिंतीचं माप
- नोटा तपासायला वापरतात तसला छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च
- स्वच्छ सुती हातमोजे

१. नेमकं कुठलं चित्र, ते ठरवा

पहिला सापळा इथेच आहे. ला तूरने मग्दालीया एकदाच रंगवलेली नाही. मेटमधल्या चित्रात मेणबत्ती आणि तिचं प्रतिबिंब अशा दोन ज्योती दिसतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधल्या चित्रात ज्योत कवटीच्या आड आहे आणि आरशात कवटी दिसते. पॅरिसच्या लुव्रमध्ये आणि लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियममध्ये आहे ती धुराची ज्योत असलेली, तेलाच्या दिव्यासमोर हनुवटीला हात लावून बसलेली. विक्रेते एकीचं नाव दुसरीला सर्रास लावतात. मेटची हवी असेल तर नावावर विसंबू नका, नोंद क्रमांकाने शोधा: १९७८.५१७.

शोधात काही प्रती आरशात पाहिल्यासारख्या डावी-उजवी उलटलेल्याही सापडतात. संग्रहालयाच्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या मराठी मंडळींना एक आगाऊ सल्ला: छापण्याआधी एकदा जाऊन मूळ चित्र बघून या. लाल घागऱ्यातला लाल स्क्रीनवर कधीच तसा दिसत नाही, आणि एकदा डोळ्यांत बसला की पुढे छापील पट्टी तपासताना तीच आठवण कामी येते.

२. फाइल आणि हक्क

ला तूर १६५२ मध्ये गेला. भारतात कॉपीराइट कलावंताच्या आयुष्यभर आणि नंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे चित्राचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो चित्राच्या फोटोचा. मेटने फेब्रुवारी २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींचे आपले फोटो सीसी झिरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, खुले केलेत. घरी लावा, भेट द्या, विका, परवानगी लागत नाही. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, क्लीव्हलँडचं म्युझियम, अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्याकडेही हक्कमुक्त चित्रांच्या फाइल अशाच खुल्या मिळतात.

सगळीकडे असं नाही. इटलीत सरकारी संग्रहांतल्या कलाकृतींच्या व्यावसायिक प्रतींसाठी तिथल्या वारसा कायद्यानुसार परवानगी आणि शुल्क लागतं, कलावंत कितीही जुना असो. तुम्ही प्रती विकणार असाल तर फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयातला कॅराव्हाज्जो सोडा आणि मेटमधला ‘पीटरचा नकार’ (१६१०) घ्या.

चित्राच्या पानावर हक्कमुक्त असल्याची खूण आणि डाउनलोडचा बाण असतो. पानावर दिसणारं चित्र उजव्या क्लिकने साठवू नका, ती छोटी प्रत असते. विकिमीडियावर याच चित्राच्या आणखी मोठ्या फाइल मिळतील. काही उत्तम असतात, काही कोणीतरी ‘उजळ’ केलेल्या. पार्श्वभूमीचा अंधार तपकिरी-राखाडी होऊन त्यात ठिपके दिसत असतील, तर ती उजळलेली समजा आणि सोडून द्या.

३. आकाराचं गणित

समजा, फाइलची लांब बाजू ४००० पिक्सेल आहे. ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापलं तर १३ इंचांच्या थोडं वर येते, २०० ने २० इंच. हे चित्र दोन-तीन हात अंतरावरून बघायचं आहे, त्यामुळे २०० पुरतं. अगदी १६०-१७० पर्यंतही मी हरकत घेणार नाही, कारण अंधारात बारीक रेषा कमी असतात. मूळ आकारात, म्हणजे साडेबावन्न इंच उंचीत छापायला गेलात तर जेमतेम ७६ डीपीआय उरतात. तो मोह टाळा.

‘एआयने मोठं करून देतो’ असं दुकानात हल्ली पहिल्याच मिनिटाला सांगतात. असली साधनं नसलेला तपशील स्वतः रचून भरतात. जुन्या तैलरंगावरच्या तडा त्यांना कचरा वाटतात आणि पुसल्या जातात, किंवा कातडीच्या सुरकुत्या होऊन बसतात. सॉफ्टवेअरमधल्या साध्या ‘बायक्युबिक’ पद्धतीने सव्वा-दीडपट वाढवून थांबा.

आता प्रमाण. या चित्राची रुंदी उंचीच्या ०.७६६ पट आहे. बाजारातली मापं त्याच्याशी जुळत नाहीत. १६ × २० इंचांत पूर्ण भरायचं तर उंचीतून जवळपास एक इंच कापला जातो. ए२ कागद काठोकाठ भरायचा तर रुंदीतून साधारण दीड इंच. कापला जाणारा भाग बहुधा अंधाराचाच असतो, म्हणून छपाईवाला ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो. पडतो. ला तूरने आकृतीभोवती सोडलेली ती जागा गेली की चित्र कोंदट दिसतं.

उपाय सोपा आहे. चित्र १५.३ × २० इंच ठेवा आणि ए२ कागदावर पांढरी किनार सोडून छापा. दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर, वर-खाली चार सेंटिमीटरच्या वर जागा राहते. फ्रेमवाल्याला पकडायला तीच लागते.

भिंत लहान असेल तर दुसरं चित्र निवडणं शहाणपणाचं. राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांटचं ‘जेरुसलेमच्या विनाशावर शोक करणारा यिर्मया’ (१६३०) मुळातच ५८ × ४६ सेंटिमीटर आहे, ते थेट मूळ मापात छापता येतं.

४. कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

साधा नियम: मॅट कागदावरचा काळा खरा काळा नसतो. शाई कापसाच्या तंतूंत शिरते, पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काळा कोळशासारखा राखट दिसतो. बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चमकदार) किंवा सॅटिन कागदावर शाई वरच्या थरात राहते, काळा खोल जातो. घनतेच्या मापात मॅटचा सर्वांत गडद काळा साधारण १.६-१.७ ला थांबतो, बरायटा २.३ च्या आसपास जातो. जलरंग, रेखाटन किंवा फिकट भित्तिचित्राला मॅट सुंदरच. मेणबत्तीच्या चित्राला मी बरायटा घेईन.

नावं लागतील म्हणून सांगतो: हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा (चौरस मीटरला ३१५ ग्रॅम), कॅन्सन इन्फिनिटीचा प्लॅटिन फायबर रॅग किंवा बरायटा फोटोग्राफिक (दोन्ही ३१० ग्रॅम). मॅटच हवा असेल तर हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८. मोठ्या शहरांतले फाइन आर्ट छपाईवाले यांतला एखादा तरी ठेवतात. गंमत म्हणजे हानेम्यूलेची कागदगिरणी १५८४ ची आणि ला तूरचा जन्म १५९३ चा. कागदवाले चित्रकारापेक्षा वडील आहेत.

काही कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. आज कागद दुधासारखा दिसतो, पण ती रसायनं कालांतराने निकामी होतात आणि कागद पिवळसर पडतो. दुकानात नमुन्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद निळा चमकला तर रसायन भरपूर आहे. मंद राहिला तर घ्या. शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आहे ना, हेही विचारा. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई दुकानात झगझगीत दिसते, पण उजेडात लवकर उडते.

कॅनव्हासबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ‘मूळ चित्र कॅनव्हासवर आहे, म्हणून प्रतही कॅनव्हासवर’ हे ऐकायला पटतं. पण फोटोत मूळ कॅनव्हासची वीण आलेलीच असते. तिच्यावर नव्या कापडाची वीण चढली की दोन्ही एकमेकींना खातात. तैलचित्राचा आव आणायची हौस आपल्याकडे जुनी आहे. १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याच्या ओलिओग्राफांनी घराघरांत देव पोचवले, तेही तेलरंगाची झाक घेऊनच. तरीही कॅनव्हास हवाच असेल तर दोन गोष्टी सांगा: वर वॉर्निश सॅटिन असू दे, आणि चौकटीच्या कडेवर चित्र वळवू नका, कडा साध्या काळ्या ठेवा. नाहीतर आरशाचा तुकडा वळून बाजूला जातो.

५. फाइल तयार करणं

काम सुरू करण्याआधी मॉनिटरचा उजेड कमी करा. बहुतेक स्क्रीन कारखान्यातून डोळे दिपवतील अशा येतात. छपाईच्या कामाला ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतात. ‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा जास्त उजळ ठेवलेला मॉनिटर असतो, छपाईवाला बिचारा उगाच बोलणी खातो. स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर कोणाकडून एका दिवसासाठी मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी दिवसाच्या उजेडात खरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत स्क्रीन मंद करा.

मग क्रमाने:

फाइल उघडताना तिच्यातलं प्रोफाइल तसंच ठेवा. सॉफ्टवेअर ‘बदलू का?’ विचारेल, नको म्हणा.

लगेच १६ बिट टिफ म्हणून साठवा. जेपेग पुन्हापुन्हा साठवलं की गडद भागात चौकोनी ठोकळे उमटतात, आणि आपल्या चित्रात गडद भागच जास्त आहे.

छपाईवाल्याने दिलेलं आयसीसी प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील प्रतीचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहा. रेंडरिंग ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू. स्क्रीनवर चित्र एकदम मरगळेल. घाबरू नका, कागद स्क्रीनसारखा चमकत नाही, एवढंच ते सांगतंय.

आता फक्त सर्वांत गडद भागात कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारी रेघ) किंचित उचला. किंचित म्हणजे केसांची कड आणि मागची भिंत वेगळी कळेल इतकंच. भिंतीवर काय आहे ते वाचता यायला लागलं की तुम्ही पुढे गेलात. ज्योत आणि बाहीचा पांढरा यांना हात लावू नका. सॅच्युरेशनलाही नाही.

शार्पनिंग शेवटी आणि हलक्या हाताने. जास्त झालं तर तडांची जाळी चित्रावर तरंगायला लागते.

आणखी एक सापळा: नेहमीच्या डिजिटल छपाईच्या दुकानांत ‘सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) करून आणा’ म्हणतात. पत्रिका आणि बॅनरसाठी ते ठीक. आठ-दहा शाईंच्या फाइन आर्ट प्रिंटरला आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतली) फाइलच द्यायची. सीएमवायके केलीत तर रंगांची श्रेणी आधीच आखडते आणि लाल विटकरी होतो.

६. छपाईवाल्याला विचारायचे प्रश्न

‘जिक्ले’ या शब्दाला कसलंही सरकारी प्रमाणपत्र नाही, कोणीही पाटीवर लिहू शकतो. त्यामुळे सरळ विचारा: प्रिंटर कुठला, शाई पिगमेंटची का, कागदाचं कंपनीचं नाव आणि वजन काय, त्या कागदाचं प्रोफाइल देता का, छोटी चाचणी पट्टी काढून देता का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘गरज नाही, आमचे रंग परफेक्ट असतात’ असं उत्तर आलं तर चहाला थांबू नका.

भाव बहुधा चौरस इंचावर असतो. कागदाची पांढरी किनार त्यात धरली आहे का, हे आधीच बोलून घ्या. आणि लेखी सांगा: ‘फाइलमध्ये ऑटो करेक्शन करू नये, आकार बदलू नये.’ हे सांगितलं नाही तर ऑपरेटर सवयीने चित्र उजळतो. त्याच्याकडे येणारे बहुतेक फोटो लग्नातले असतात, उजळले की गिऱ्हाईक खूश होतं.

७. चाचणी पट्टी

पूर्ण छपाईआधी त्याच कागदावर एक पट्टी काढा. चित्रातले दोन तुकडे शेवटच्याच मापात घ्या: एक ज्योत आणि आरशाची चौकट, दुसरा हात, कवटी आणि त्याखालचा गडद भाग. शेजारी काळ्याची शिडी काढा, म्हणजे ०, ५, १०, १५, २०, २५, ३० अशा मूल्यांचे आठ बिटांच्या मापातले चौकोन. छापून आल्यावर ० आणि ५ एकच दिसले तर चालेल. १५ पर्यंत सगळे एकसारखे काळे असतील तर गडद भाग आणखी थोडा उचलावा लागेल. ५ च राखाडी दिसत असेल तर जास्त उचललंत.

पट्टी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पास करू नका. घरी आणा, जिथे लावायची त्या भिंतीवर चिकटवा, दुपारी एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा बघा. शाई पूर्ण स्थिरायला एक दिवस द्यावा. पट्टी पसंत पडली की तिच्या मागे सही-तारीख करून ती छपाईवाल्याकडे द्या, म्हणजे मोठी प्रत कशाशी जुळवायची यावर वाद उरत नाही.

८. प्रत हातात आल्यावर

नळीतून आणायची असेल तर नळी किमान तीन-चार इंच व्यासाची हवी. बारीक नळीत जाड कापसी कागदाला वळ पडतो, शाईचा थर तडकू शकतो. काढताना हातमोजे घाला. बोटाचा तेलकट ठसा पांढऱ्यापेक्षा काळ्यावर जास्त दिसतो. स्वच्छ कागदाच्या दोन थरांत ठेवून वर जड पुस्तकं, एक-दोन दिवस.

९. फ्रेमवाला

चांगली छपाई फ्रेमवाल्याकडे वाया जाण्याचं प्रमाण मोठं आहे. त्याला ठामपणे सांगायच्या गोष्टी:

लॅमिनेशन नको. ‘काचेचा खर्च वाचेल’ असं तो सांगेल. प्लास्टिकचा थर एकदा बसला की निघत नाही, आणि बरायटाचा पोत गेला म्हणजे पैसे पाण्यात.

फेव्हिकॉल किंवा दुहेरी टेप लावून हार्डबोर्डवर चिकटवायचं नाही. प्रत वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांवर टांगायची: जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ. ते जमत नसेल तर चारही कोपऱ्यांना आम्लरहित कागदाचे खिसे करून त्यात प्रत सरकवता येते.

माउंट (प्रतीभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लरहित. साध्या माउंटच्या कापलेल्या कडेतून पिवळी रेघ प्रतीवर उतरते. हार्डबोर्डही तेच करतो.

माउंटचा रंग पांढराशुभ्र घेऊ नका. त्या पांढऱ्यापुढे डोळ्याला अंधार आणखी बंद दिसतो, तुम्ही कर्व्हने उचललेला तपशील गायब होतो. उबदार राखाडी किंवा मळकट हस्तिदंती बरा. माउंट न घेता गडद लाकडाची रुंद चौकट आणि आत काच व प्रत यांच्यात पट्टीने राखलेलं अंतर, हेही छान दिसतं. काच प्रतीला टेकता कामा नये, दमट हवेत शाई काचेला चिकटते.

काचेचा प्रश्न या चित्रात खरा जड आहे. साधी काच अंधारावर आरसा होते. मग्दालीयेच्या जागी तुमचा पंखा आणि खिडकी दिसते. म्हणून फ्रेमवाला खरखरीत ‘नॉन-रिफ्लेक्टिव्ह’ काच सुचवतो. ती प्रतिबिंब मोडते, पण सगळ्या चित्रावर धुकं पसरवते, आणि बरायटा घेऊन मिळवलेला काळा परत राखाडी होतो. लेप दिलेली म्युझियम ग्लास परवडत असेल तर तीच घ्या. नसेल तर साधीच काच लावा आणि समोर खिडकी नसलेली भिंत शोधा. कुरिअरने पाठवायची असेल तर अ‍ॅक्रिलिक. फुटत नाही, पण धूळ ओढतं.

१०. भिंत, दिवा आणि पावसाळा

दिवा ३००० केल्व्हिनच्या आसपासचा (उबदार पिवळसर), सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या. सीआरआय त्याहून कमी असला की लाल रंग निस्तेज दिसतो. वरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांनी उजेड पडला की चमक डोळ्यात येत नाही. थेट ऊन नको.

वसई, गोवा, कोकणातल्या घरांत असं चित्र वेदीजवळ लावलं जातं. लावा, पण खाली रोज मेणबत्ती किंवा समई तेवणार असेल तर चित्र तिच्या थेट वर नको, बाजूला सरकवा. काजळी फ्रेमच्या फटीतून आत जाते.

किनाऱ्याकडे पावसाचा मारा पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. ती टाळून आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या गोळ्या चिकटवल्या की मागून हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. कसर लागली असेल तर कडेला कुरतडल्याच्या खुणा दिसतात. पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. फ्रेम उघडा, प्रत कोरड्या खोलीत पंख्याखाली, पण थेट वाऱ्यात नाही, दोन दिवस सुकवा, मग मऊ ब्रशने घराबाहेर झटका. मागचा बोर्ड मात्र नवा घाला.